सातव्या दिवसाचा पुदिना

"लमीस, दोघंही नाहीत. पिल्लं आहेत, आईबाप नाहीत."

फोनवरचा आवाज इतका बारीक होता की उस्ताद मुनीब बोलताहेत हे लमीसला आधी कळलंच नाही. शाळेत तिला रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस एरवी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असंच बोलायचा.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून अर्धी सुट्टी टाकून ती निघाली आणि जबल लुवैबदेह टेकडीचा चढ जवळजवळ पळतच चढली. मंगळवार होता. या भागात पाणी आठवड्यातून एकदाच, बुधवारी येतं. म्हणजे आज सातवा दिवस. गच्चीवरच्या टाक्यांवर बोट वाजवलं तर डबा वाजावा तशा वाजल्या असत्या.

दिवाणखान्यातल्या मोठ्या फिशटँकमध्ये काळे ठिपके सैरावैरा फिरत होते. बडीशेपेहून लहान. हीटरच्या नळीला चिकटायचे, सुटायचे, पुन्हा चिकटायचे. डिस्कस माशांची पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊनच जगतात. इथे अंगच नव्हतं.

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

"आज चौथा दिवस त्यांचा. उद्या सकाळपर्यंत तग धरतील. काही तेवढंही नाही."

"पण अंड्याच्या बलकावर वाढवता येतात ना? मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात तुम्हीच सर्वांना सांगत होता."

 उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

लमीसने वही उघडली. टँकचं झाकण नीट बसवलेलं. पाणी नेहमीच्या खुणेपेक्षा चार बोटं खाली. हीटरचं बटण बंद.

"हे तुम्ही बंद केलंत?"

"मी कशाला करीन? पाणी तीस अंशांवर लागतं त्यांना." त्यांनी घाईघाईने बटण दाबायला हात पुढे केला.

"थांबा. आधी पाणी भरा. हीटर पाण्याबाहेर तापला तर काच तडकेल."

कोपऱ्यात निळं पिंप होतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून उस्ताद ते चार दिवस आधी भरून ठेवत. पिंपावरच्या खडूच्या कालच्या रेघेला पाणी बरोबर टेकलेलं होतं. शेजारी एक उलटी बाटली बुडबुडत होती; तिच्यात पिल्लांच्या पुढच्या खाण्यासाठी समुद्री किड्यांची अंडी उबत होती. बाटलीच्या गळ्याशी रिकाम्या कवचांचा तपकिरी चुरा साठलेला.

"तुम्ही घराबाहेर कधी होता?"

"नऊ ते अकरा. रक्त तपासायला गेलो होतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जातो, सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"किल्ली कोणाकडे?"

"वर बहिणीकडे. फिशटँकच्या दुकानातल्या शुक्रीला कुंडीखालची ठाऊक आहे, रविवारी पंप बदलून गेला तो. आणि..." ते अडखळले. "नासिफकडे. समोरचा दाताचा डॉक्टर. गेल्या वर्षी मी इर्बिदला मुलीकडे गेलो तेव्हा दिली होती. मार्चपासून आमचं बोलणं नाही."

"का?"

"माझ्या नराला बुटका म्हणाला."

लमीसने तेही लिहून घेतलं.

वरच्या मजल्यावर उस्तादांची बहीण, इन्साफ खाला, दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"खाला, सकाळी खाली गेला होतात?"

"त्या दमट खोलीत? मी? ऐक, पोरी. आम्ही दोन तांब्यांत अंघोळ उरकतो आणि याच्या माशांना रोज ताजं पाणी! मी चोरले असते तर सुमाकचा आंबट मसाला घालून तळले असते. लपवत बसले नसते."

"काही आवाज ऐकलात?"

"झाकणाचा ऐकला. दहाच्या सुमारास. मला वाटलं, हाच आहे. दिवसभर तेच तर चालतं त्याचं."

शुक्री फोनवर आधीच वैतागलेला होता.

"शुक्री, तू ती जोडी कितीदा मागितली होतीस?"

"दहादा. अकराव्यांदाही मागीन. पण बाई, माझी टाकी शनिवारीच आटली. टँकरवाला फोन उचलत नाही. दुकानातले सगळे मासे एकाच काचेत कोंबलेत, ओळीत उभे असल्यासारखे दिसताहेत. उस्तादांची जोडी ठेवू कुठे? चहाच्या किटलीत?"

मागून कोणीतरी हसलं. रिकामी बादली आपटल्याचाही आवाज आला.

तीन वाजले होते. उस्तादांचा फोन आला. "चार पिल्लं तळाशी आहेत." एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

डॉक्टर नासिफ यांच्या घरात रेडिओ मोठ्याने लागला होता. त्यांनी लमीसला बसवलं आणि कॉफी आणली. कप निम्मा भरलेला.

"माफ कर बेटा. सातवा दिवस. प्यायच्या पाण्याची शेवटची बाटली उघडली आहे."

"चालेल, डॉक्टर. तुमचे मासे?"

"विकले. ऑगस्टमध्येच. हे बघ." भिंतीशी मोठा फिशटँक होता. कोरडा, आत वर्तमानपत्रांचा गठ्ठा. "मुनीबचं कळलं मला. वाईट झालं. पण त्याला काय, तो बलकावर वाढवेल. मोठा तज्ज्ञ!"

"सकाळी दहाला कुठे होता?"

"इथेच. या गुडघ्यांनी मी कुठे जाणार?"

लमीस कप घेऊन बाल्कनीत गेली. गल्लीतल्या सगळ्या बाल्कन्या इथून दिसत होत्या. प्रत्येकीत तुपाच्या डब्यांत पुदिना लावलेला, आणि प्रत्येकीत तो मान टाकून पडलेला. तिने खाली पाहिलं. डॉक्टरांचा पुदिना ताठ उभा होता. माती काळी, ओली. तिने बोट खुपसलं. माती कोमट होती.

बोटाला तपकिरी चुरा लागला.

ती आत आली आणि तिने रेडिओ बंद केला. झोपायच्या खोलीतून पंपाची घरघर स्पष्ट ऐकू आली.

"डॉक्टर, माझ्या कॉफीला पाणी नाही आणि पुदिन्याला आहे?"

डॉक्टरांनी रेडिओकडे हात नेला, पण लमीस बोलत राहिली.

"हीटर बंद केला तो मासे पाळणाऱ्याने. पाणी उपसताना त्याचा हात आपोआप बटणाकडे जातो. खाला नव्हेत. चोराने पिंपातलं मुरवलेलं पाणी घेतलं नाही. का? कारण त्याच्याकडे तसं पाणी आधीच तयार होतं, कोमट, चालू टँकमधलं. सातव्या दिवशी डिस्कससाठी नवा टँक कोणी भरू शकत नाही. शुक्री तर नाहीच. उरला जुना टँक चालू असलेला माणूस. तुम्ही म्हणता मासे विकले. मग पुदिन्यातलं कोमट पाणी आलं कुठून? तुमच्या टँकमध्ये जागा करायला तुम्ही तेवढं बाहेर काढलंत. मोरीत ओतलं असतंत तर मी आत्ता निघून गेले असते. पण या गल्लीत आजच्या दिवशी पाणी मोरीत ओतायला कोणाचा हात उचलतो? आणि हा चुरा समुद्री किड्यांच्या अंड्यांच्या कवचांचा आहे, उस्तादांच्या बाटलीत आहे तसाच. म्हणजे तुमच्याकडेही पिल्लं आहेत."

नासिफ हळूच खुर्चीत बसले.

"मादी रविवारी मेली," ते म्हणाले. "नर पिल्लं खायला लागला. किडे देऊन पाहिले, पिल्लांच्या तोंडात मावत नाहीत अजून. साठातली वीस उरली. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पिल्लं झाली, लमीस. म्हटलं, मुनीबचं काय, तो बलकावर जगवेल. क्लबात छातीठोकपणे सांगत होता."

"मागितली असतीत तर?"

"बुटका म्हटल्यावर?"

"उस्तादांनी बलकावर एकही पिल्लू वाढवलेलं नाही, डॉक्टर. मी विचारलं तर चष्मा पुसत बसले. ते नुसतं वाचलं होतं त्यांनी."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते गुडघे विसरून उठले.

दोन बादल्या गल्ली ओलांडून गेल्या. एकीत जोडी, दुसरीत वीस ठिपके. उस्तादांनी दार उघडलं. नासिफकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि बाजूला झाले.

तळाशी अकरा पिल्लं पडली होती.

वीस ठिपक्यांपाठोपाठ जोडी पाण्यात उतरली ती काळवंडलेली. दोघं मागच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून राहिली. घाबरलेले डिस्कस स्वतःची पिल्लंही गिळतात, हे तिघांनाही माहीत होतं. कोणी बसलं नाही. लमीस घड्याळ बघत होती. दहा मिनिटं. वीस. वरून खालांनी ओरडून विचारलं, "सापडले का ते सुलतान?" 

पंचविसाव्या मिनिटाला मादीने अंग थरथरवलं. एक ठिपका तिच्या कुशीला चिकटला. मग पाच. मग सगळे, टँकमधले, बादलीतले, दोन्ही घरांतले. नर सावकाश पुढे सरकला आणि मादीने अंग झटकून अर्धी पिल्लं त्याच्याकडे सोपवली.

"यातली माझी कोणती?" नासिफ पुटपुटले.

"मोजून सांगता येईल, ओळखून नाही," लमीस म्हणाली.

उस्तादांनी तळाकडे बोट दाखवलं. "ती अकरा माझी."

नासिफनी मान खाली घातली. खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. उस्तादांनी ती उचलून आपल्या खिशात टाकली.

नासिफ दारापर्यंत पोचले तेव्हा मागून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आला.

"उद्या पाणी सहाला येतं. पिंप एकट्याने हलत नाही मला. आणि बेल वाजवून ये."