पळीवाला खड्गसम्राट

चीनमधल्या लशान शहरात, नदीकडच्या गल्लीत सू याछिनच्या आईचं नूडल्सचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर बसून याछिन रोज वेबकादंबरीचं एक प्रकरण लिहायची. भर बाराला, खाली गिऱ्हाइकांची झुंबड उडाली की प्रकरण आपोआप वाचकांपुढे जायचं. तीन-चार दिवसांची प्रकरणं आधीच लिहून, तारीख लावून ती साइटच्या पेटीत ठेवायची. या धंद्यातले सगळेच ठेवतात. ताप येवो, वीज जावो, खाडा होत नाही. दोन वर्षांत तिचा एकही खाडा नव्हता.

तिचा नायक वू तिए म्हणजे डोंगरावरच्या मठात भांडी घासणारा गडी. पण त्याची ठाम समजूत, की आपण खड्गसम्राट आहोत आणि हातातली पळी ही दिव्य तलवार! वाचक हसून हसून बेजार व्हायचे.

मग एका सकाळी संपादक लिआओचा फोन आला.

"याछिन, वाचक घटलेत. गुंडाळ आता. त्याला एकदा खरं काय ते कळू दे, गुडघ्यावर आण, रडव, संपव. नाहीतर पुढच्या कादंबरीचं नाव काढू नकोस."

"दादा, तो नाही हो रडायचा."

"वा! लिहितंय कोण, तू का तो?"

"मीच. दुसरं कोण?" याछिन फणकारली.

तिनं लिहिलं. वू तिएनं पळीकडे पाहिलं, ती पळीच होती. तो गुडघ्यांवर कोसळून रडला. लिहिताना तिलाही वाईट वाटलं, पण पोटाचा प्रश्न होता. प्रकरण पेटीत गेलं, तीन दिवसांनंतरची तारीख लावून.

दुसऱ्या दिवशी चुका तपासायला तिनं ते उघडलं. वू तिए उभाच होता. म्हणत होता, "गुडघे टेकायला मी काय फरशी पुसतोय?"

आपणच जुना खर्डा टाकला असणार, असं म्हणून तिनं ते पुन्हा लिहिलं. संकेतशब्दही बदलला.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा. वर एक वाक्य जास्तीचं: "खालच्या बाईनं आज रश्श्यात मीठ दोनदा घातलंय."

याछिन खाली गेली. पातेल्यातला रस्सा चमच्यानं चाखला. तोंड खारट झालं.

"आई, मीठ दोनदा पडलंय."

"अगं बाई!" आईनं चाखून पाहिलं. "पण तुला माडीवर कसं कळलं गं?"

याछिन तशीच माडीवर परतली. तिला भीती वाटत होती, पण भीतीहून राग जास्त होता. दोन वर्षं पोसलेला हा माणूस, आणि तिलाच जुमानत नाही!

चौथ्या दिवशी, प्रकरण सुटायचं त्या दिवशी, ती सकाळी दहालाच पुन्हा लिहायला बसली. पाण्यालासुद्धा उठली नाही. पडद्यावरची नजर हलवली नाही.

"मी टेकव म्हटलं की टेकवायचे गुडघे," ती पुटपुटत होती. "तू माझा आहेस."

बाराला पाच कमी असताना तिनं सगळं वाचून पाहिलं. शब्द न् शब्द तिचा होता. तो रडत होता.

बारा वाजले. तिनं वाचकांसारखंच पान उघडलं.

वू तिए उभा होता. मठातल्या पोरांना हळू आवाजात सांगत होता, "वर माडीवर एक बाई बसते. तिची समजूत आहे, की आपणच हे सगळं लिहितो. तिला कुणी खरं सांगू नका रे. मनाला लागेल बिचारीच्या."

पानाखालच्या प्रतिक्रियांत वाचकांचा हशा उसळला होता. 'ही नवी बाई झकास! हिला रोज आणा.'

"बिचारी? मी?" याछिन ओरडली. "थांब, दाखवते तुला!"

ती नव्यानं लिहायला बसली. बोटं दुखेपर्यंत कीबोर्ड बडवत राहिली.

आई वाडगा घेऊन वर आली.

"दोन घास खाऊन घे गं."

"आई, मी लिहितेय. दिसत नाही तुला?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग वाडगा टेकवायला जागा हवी म्हणून तिनं कीबोर्ड हलकेच ओढून घेतला आणि खांद्यावरच्या फडक्यानं अर्धा पुसला.

फडकं काळंकुट्ट झालं. उरलेल्या अर्ध्या कीबोर्डवर धुळीचा जाड थर होता, आणि त्यावर एकाही बोटाचा ठसा नव्हता.