दम दिलेला दिवा

सासऱ्यांच्या कारखान्यात दिव्यांना दम देत. माणसांना नाही, असं ते स्वतःच हसत सांगत. रस्त्यावरचा गॅसचा कंदील तयार झाला, की त्याच्या काचेवर तोंडाची वाफ सोडायची. कुठे तेलकट बोट लागलं असेल तर लगेच उघडं पडे. काच मात्र गार हवी. उबदार काचेवर वाफ धरतच नाही.

सून इतिहास शिकलेली. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून कारखान्याचा इतिहास लिहायचं काम सासऱ्यांनी तिच्याच गळ्यात घातलं. तिनेही आढेवेढे घेतले नाहीत, कारण नमुन्यांच्या खोलीत बाळाची टोपली शेजारी ठेवता येई. बाळ अपुऱ्या दिवसांचं. झोपेत त्याचा श्वास मध्येच अडे. वाढेल तसं सुटेल, तोवर लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. सांगायला त्यांचं काय जातंय! ती एक ओळ लिही आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरी. पुन्हा एक ओळ, पुन्हा बोट.

"अगं, जरा दम धर," सासूबाई म्हणत. "तुझ्या बोटानेच जागा होईल तो."

टेबलावर कारखान्याचा पहिला कंदील होता. पितळी चौकट, चार काचा, सगळे सांधे कथलाने झाळून बंद केलेले. त्याचं वर्णन लिहिताना तिला एका काचेवर नाण्याएवढी वाफ दिसली. तिने पदराने पुसली. पुसली जाईना, वाफ आतून होती.

दमट हवा, ती मनाशी म्हणाली. सांधा कुठेतरी सुटला असेल. तिने नखाने सगळे सांधे चाचपले. एकही सुटलेला नव्हता.

वाफ विरली. पुन्हा आली. बघायचं नव्हतं, तरी तिला दिसलंच : बाळाची छाती खाली गेली की वाफ धरे, वर आली की विरे.

दुसऱ्या दिवशी तिने टोपली दाराशी नेली. वाफ दाराकडच्या काचेवर आली.

तिने सासूबाईंना बोलावलं. त्यांनी कंदिलाकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि खुर्ची ओढून बसत सांगू लागल्या. पहिल्या कंदिलाला कारखाना काढणाऱ्याच्या बायकोने दम दिला होता, कडेवर तान्हं मूल घेऊन. शेवटची काच बसायची राहिली होती. आईचं बघून त्या मुलानेही आत तोंड घालून 'हा' केलं. सगळे हसले, आणि कंदील बंद झाला. त्या हिवाळ्यात मूल गेलं. मग तो कंदील कुणी पेटवला नाही, उघडलाही नाही.

"हे इतिहासात घालू?" तिने विचारलं.

"घाल," सासूबाई म्हणाल्या. "फक्त ते मूल गेलं, असं लिहू नकोस."

त्या दुपारी लिखाणाला सूर सापडला. पितळ ओतण्यापासून काच कापण्यापर्यंत हात थांबेना. नाकाखाली बोट धरायचं राहून गेलं.

तिने सहज मान वर केली.

काच स्वच्छ होती.

ती थांबली. आता वाफ यायला हवी होती.

काच कोरडीच.

ती टोपलीकडे धावली. बाळाचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला उचललं, पाठ चोळली, तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली.

बाळ रडलं.

तिच्या पाठीमागे कंदिलाची अख्खी काच एकदम धुरकटली. कुणीतरी कधीचा रोखलेला श्वास सोडावा तशी.

पुढे बाळ बाळसं धरू लागलं, डॉक्टरांनीही काळजी सोडा म्हटलं. इतिहास लिहून झाला त्या दिवशी बाळ घरी आजीपाशी होतं. ती एकटीच कंदिलापुढे उभी राहिली. आत वाफ नव्हती. उपकार कसे मानावेत, सुचेना. मग तिने कारखान्याच्या रीतीने गार काचेला बाहेरून दम दिला.

वाफ सगळीकडे धरली. फक्त मधोमध एक वाटोळी जागा लख्ख राहिली, लहानशा कपाळाएवढी. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन इवले तळहात.

तेलकट बोटं असतील. तिने काच पुसली, पुन्हा दम दिला. तीच जागा, तेच तळहात.

सवयीने तिचं बोट कपाळाच्या खाली गेलं, नाक असेल तिथे.

काच उबदार होती.