खणून बघणाऱ्याचा शब्द

नौफा भाकऱ्या विसरून गेली, एवढंच निमित्त झालं. तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या पातळ शराक भाकऱ्यांची चवड थुरय्याने फडक्यात बांधली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. "पोरगी दोन पाहुण्या घेऊन गेलीय अम्मानच्या. चहावर दिवस काढतील का त्या? देऊन या."

"कुठे गेलीय?" अवादने विचारलं.

थुरय्या चुलीतली राख सारखी करत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "बसल्या उंटांकडे."

त्या जागेचं नाव अवादच्या घरात आठ वर्षं कोणी घेतलं नव्हतं. उघड्या वाळूवर पंधरा-वीस प्रचंड धोंडे, लांबून पाहिलं तर उंटांचा तांडा बसलाय असं वाटावं. दोरी न बांधता, खाली नुसत्या गाद्या टाकून दगडांवर चढणाऱ्यांची ती आवडती जागा. नौफाचा बाप मुतलक, म्हणजे अवादचा थोरला भाऊ, तिथेच पडून गेला होता. तेव्हा नौफा बारा वर्षांची होती. अवादने तिला वाढवली, तिला गाडी शिकवली, आणि नको नको म्हणताना तिने स्वतःच चढणं शिकून घेतलं. आता बायका-मुलींना घेऊन जाणारी आख्ख्या रमच्या वाळवंटात ती एकटी. काकाला अभिमान होता आणि धास्तीही होती.

आजची धास्ती मात्र साधी नव्हती. तीन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला होता.

इथला दगड म्हणजे वाळूच घट्ट झालेली. पाऊस पडला की तो पाणी पितो. वरून दुसऱ्या दिवशीच कोरडा ठणठणीत दिसतो, पण आतून ओला राहतो, आणि ओला असताना हाताखालची धडधाकट कपार बिस्किटासारखी तुटते. म्हणून रीत अशी, की चढण्याआधी जो वयाने मोठा असेल त्याने दगडाच्या पायथ्याशी कोपरापर्यंत हात जाईल एवढं खणायचं. वाळू कुठेही ओलसर लागली तर गाशा गुंडाळायचा. आणि एकदा त्याने ‘सुकलाय’ म्हटलं की दुसऱ्या कोणी खणून बघायचं नाही. खणलं तर तो त्याच्या शब्दावरचा अविश्वास होतो, आणि असल्या अविश्वासावरून इथे घराघरांत बोलणं बंद झालेलं आहे.

नौफा शहाणी आहे, ती खणेल, अवाद स्वतःला समजावत होता. तरी गाडी जरा जास्तच जोरात निघाली.

तिची जीप शेवटच्या टेकाडापाशी उभी होती. पुढची वाळू मऊ, तिथून सगळे चालतच जातात. अवाद भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन उतरला. ऊन कलायला लागलं होतं. वारा पडला होता. पावसानंतर वाळवंटाला येतो तो दमट वास अजून गेला नव्हता.

सवयीने त्याची नजर जमिनीवर गेली. शहरी पोरींचे नवे बूट, पाऊल टाकताना बिचकणारे. त्यांच्यापुढे नौफा, उजवी टाच हलकी. आणि थोडं पुढे गेल्यावर चौथा माणूस.

अवाद थांबला. पुरुष होता. टायर कापून केलेल्या जुन्या चपला. असल्या चपला हल्ली कोणी घालत नाही. डावा पाय किंचित बाहेर पडत होता. चालण्यात घाई नव्हती. पावलं आजचीच, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. पण ती आली कुठून हे काही केल्या कळेना. गाडीच्या बाजूने ती आली नव्हती, दरीकडूनही नाही. सपाट वाळूच्या मधोमध ती एकाएकी सुरू झाली होती आणि सरळ धोंड्यांकडे गेली होती.

वस्तीतल्या प्रत्येकाचं पाऊल अवादला पाठ होतं. मेंढी हरवली तर लोक त्याला बोलवायला येत. हे पाऊलही ओळखीचं होतं, चांगलं ओळखीचं, नाव अगदी जिभेच्या टोकावर होतं. फ्रैज? नाही, फ्रैज पाय घासतो. सालेम? तो तर जाडा झालाय. हा माणूस हलका होता. अवाद त्या पावलांच्या कडेकडेने चालत राहिला, एकेका माणसाचं नाव मनात घेत आणि खोडत.

शंभरेक पावलं गेल्यावर त्याने गाडी नीट लावली का म्हणून मागे वळून पाहिलं.

वाळूवर दोन रांगा शेजारी शेजारी आल्या होत्या. एक टायरच्या चपलांची, एक त्याच्या पायातल्या, दुकानातून घेतलेल्या चपलांची. दोन्हींत डावा पाय किंचित बाहेर. दोन्हींत पावलांमधलं अंतर तेवढंच. फक्त दुसरी रांग जरा खोल होती, आठ वर्षांत अंगावर चढलेल्या मांसाइतकी.

माणूस जगाची पावलं वाचतो, स्वतःचं पाऊल कशाला बघायला जातो? स्वतःच्या टायरच्या चपला अवादने मुतलकला पुरून आल्यावर त्याच संध्याकाळी चुलीत घातल्या होत्या. त्या रबराचा काळा धूर त्याला आजही आठवत होता. भीती म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी कळलं. पळत गाडीकडे जावं असं फार वाटलं, पण पावलं नौफाच्या दिशेने गेली होती.

तो धावत सुटला.

पहिल्या धोंड्याच्या सावलीत अम्मानच्या पोरींपैकी एक काटक्यांवर चहाची किटली ठेवून बसली होती. लारा तिचं नाव. तिने त्याच्याकडे बघून हसून विचारलं, "परत आलात, काका? चहा झालाय आता. मघाशी थांबायला सांगत होते तर थांबला नाहीत."

"मी… मघाशी?"

"हो, आलात, नौफाला सुकलाय म्हणून सांगितलंत, आणि मागे गेलात." ती जरा निरखून बघायला लागली. "कपडे बदललेत का?"

"नौफा कुठे आहे?"

लाराने बोट दाखवलं. त्या बाजूला कुठे बघायचं हे अवादला न दाखवताही ठाऊक होतं. सगळ्यांत मोठा धोंडा. मुतलकचा.

दुसरी पोरगी खाली गाद्या सरकवत, हात वर धरून उभी होती. तिच्या डोक्यावर तीन पुरुष उंचीवर नौफा दगडाला चिकटली होती, तोंड दगडाकडे, हातांना पकड सुटू नये म्हणून लावलेली पांढरी पूड. वरचा काठ तिच्यापासून दोन हातांवर होता.

"नौफा!" अवाद ओरडला. "खाली उतर!"

"आता?" ती मान न वळवता हसली. "काका, सगळं झालंय. एकच पकड राहिलीय."

"उतर म्हणतो ना! दगड ओला आहे!"

आणि धोंड्याच्या पलीकडून, कोपऱ्याच्या मागून, अगदी निवांत आवाज आला. "सुकलाय, पोरी. चढ."

अवादचा आवाज. त्यात आठ वर्षं कमी होती. चहाचा घोट घेता घेता बोलावं तसा.

गाद्या धरणारी पोरगी एकदा अवादच्या तोंडाकडे, एकदा कोपऱ्याकडे बघायला लागली.

"काय ते एक सांगा ना, काका!" वरून नौफा वैतागली. "माझे हात भरून आलेत. उतरू की चढू?"

"उतर…"

"चढ. कशाला उगीच घाबरवतोस पोरीला?"

हे शेवटचं वाक्य नौफाला नव्हतं. ते अवादला होतं. कोपऱ्याच्या कडेवर एक कोपर दिसत होतं, दगडाला टेकलेलं, मळक्या बाहीतलं. ती बाही त्याने ओळखली. तिकडे एक पाऊल टाकावं आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघावं अशी त्याची छाती झाली नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि दगडाच्या पायथ्याची वाळू दोन्ही हातांनी उपसायला लागला. मनगटापर्यंत कोरडी होती. कोपराशी हात गेला तेव्हा वाळू गार लागली आणि मुठीत गोळा होऊन राहिली.

"ओली आहे! नौफा, मी खणलंय, ओली आहे!"

"मग मघाशी काय खणलंत?" तिचा आवाज आता हसरा नव्हता. उजवा पाय थरथरत होता. "मघाशी सुकलाय म्हणालात ना? मी तुमच्या शब्दावर चढले."

"मघाशी खणलं नव्हतं."

"काका, तुम्ही न खणता कधी बोलत नाही."

"खणलंय मी," पलीकडचा म्हणाला. "चढ तू."

नौफाने डावा हात सोडला. तो वरच्या पकडीकडे निघाला. अवादला कळलं की नुसतं ओरडून भागणार नाही. दोघांचा आवाज एकच होता, दोघं शपथही सारखीच घेतील. त्या दुसऱ्याला जे बोलता येणार नाही तेच बोलायला हवं होतं, आणि तसं वाक्य अवादकडे एकच होतं. आठ वर्षं ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तुझ्या बापालाही मी असंच म्हणालो होतो!"

हात हवेत थांबला.

"त्या दिवशी खणायचं काम माझं होतं, नौफा. मी पाहुण्यांना गोष्टी सांगत पलीकडे बसलो होतो. चहा गरम होता. उठायचा कंटाळा आला. मुतलकने इथून विचारलं, सुकलाय का? आणि मी तिथूनच, बसल्या बसल्या…" त्याला धाप लागली. "सुकलाय, चढ, म्हणालो. त्याच्या हातात कपार तुटून आली. त्याचा पाय घसरला नव्हता. सगळ्यांना मी खोटं सांगितलं. तुलाही सांगितलं. पोरी, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, उतर…"

पलीकडे शांतता होती. अवादला नौफाची फक्त पाठ दिसत होती. मग तिने हात खाली आणला, पायाने खालची खाच शोधली. दुसऱ्याच पावलाला तिच्या उजव्या हाताखालचा दगड मुळापासून निघाला आणि ती पाठीवर गाद्यांवर आदळली. तो तुकडा अवादच्या गुडघ्यापाशी पडला. बाहेरून तो गुलाबी कोरडा होता, आतून काळसर, ओला.

नौफा उठून बसली. धड होती. तिने तो तुकडा उचलला, आतल्या ओलीवर अंगठा फिरवला. काकाकडे तिने पाहिलं नाही.

कोपऱ्याच्या मागे कोणी नव्हतं. तिथे टायरच्या चपलांचे ठसे होते, कोणी उकिडवं बसलं होतं त्याची खूण होती, आणि तिथून पुढे वाळू सपाट होती.

परतताना सगळी जणं अवादच्याच गाडीत बसली. जीप तिथेच राहू दे म्हणाली नौफा, आणि ती पुढे त्याच्या शेजारी बसली. मागे बसायला जागा होती तरी पुढे बसली, याचंच अवादला रडू आलं. पोरी मागे गाद्यांवर एकमेकींना धरून होत्या. भाकऱ्यांचं गाठोडं कुठे पडलं कोणाला ठाऊक नव्हतं.

"काकूला सांगाल?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"आजच सांगतो. सगळ्यांना सांगतो."

खिंडीच्या चढावर फोनला रेंज आली तशी नौफा एकदम ताठ झाली. "काका, फ्रैजदादा आज लाल भिंतीकडे लोक चढायला घेऊन गेलाय. त्याच्याकडे कोणी खणलं?"

लाल भिंत तिथून दोन तासांवर होती. अवादने गाडी थांबवली आणि आवाज मोठा करून फोन लावला. फ्रैज त्याचा चुलतभाऊ, वयाने बराच लहान म्हणून नौफाचा दादा, थट्टेखोर माणूस. त्याने लगेच उचलला.

"फ्रैज, तुझे लोक वर आहेत का? आधी उतरव त्यांना. दगड ओला आहे."

फ्रैज खो खो हसला. "कोण बोलतंय रे? नंबर तर अवादचा दिसतोय. अवाद, अरे पोरांनी फोन लांबवला बघ तुझा!"

"मी अवादच बोलतोय."

"हो का? मग माझ्यासमोर बसून माझी साखर संपवतोय तो कोण?" फ्रैज हसतच होता. "आज काय त्या जुन्या चपला घालून आलीय स्वारी. म्हणतो, चल, तुझा त्रास वाचवतो, मीच बघितलंय खणून…"

नौफाने फोन हिसकावून घेतला. "दादा, मी नौफा. वर कोण आहे?"

"दोघं आहेत. पोचतीलच काठाला. का गं? आवाज असा का तुझा?"

"तुझ्यासमोर बसलाय त्याला एक विचार. माझा बाप कसा मेला, विचार."

"नौफा, हे काय भलतंच…"

"विचार, दादा!"

फ्रैजचं हसू थांबलं. त्याने फोन बाजूला धरला असावा. वारा ऐकू आला, पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. त्याने काहीतरी हळू विचारलं.

मग उत्तर आलं, अवादच्याच आवाजात, थोडं लांबून, स्पष्ट.

"पाय घसरला बिचाऱ्याचा. मी स्वतः खणलं होतं त्या दिवशी. दगड सुकाच होता."

आणि ते इतक्या मायेने, इतक्या खऱ्या दुःखाने म्हटलेलं होतं, की अवादलाही क्षणभर तसंच झालं होतं असं वाटलं.