नऊचा नंबर, तीनची गाडी

सुशांत पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आला, तेव्हा मी त्याला चांगलंच झापलं होतं. महाड एमआयडीसीतल्या आमच्या कागद मिलमध्ये रद्दीचे ट्रक येतात. कुठली गाडी किती वाजता आत घ्यायची, कधी खाली करायची, हे मी ठरवते. आणि हा पठ्ठ्या नऊच्या नंबरासाठी सातलाच ट्रक घेऊन हजर.

"घरी घड्याळ नाही का?"

"हाय की, मॅडम. आज जरा पुढं पळतंय."

श्रावणातली भुरभुर होती. ओल्या केसांवरून हात फिरवत तो हसला... आणि मी शिक्का उलटा मारला.

मग दोन महिने तेच. नंबर नऊचा, गाडी मात्र तीनला खाली व्हायची. तोवर हा समोर ट्रकच्या पायरीवर बसलेला. दुपारी लांबूनच हाताने विचारायचा, जेवलात का? मी मान हलवायची. खोटं कशाला बोलू, तो आला की दिवस बरा जायचा.

एक दिवस चिंतामणी सरांनी, आमच्या मॅनेजरांनी, रजिस्टर पुढ्यात टाकलं. "ही एकच गाडी दर खेपेला सहा तास उभी. कारण सांग, अनुष्का, नाहीतर उद्यापासून ही गाडी बंद."

मी रजिस्टर मिटलं. तशीच यार्डात सुशांतकडे गेले.

"दुसऱ्यांना पुढे सोडता, ते दिसतं मला. पण का?"

"पहिल्यांदा एकाच्या घरी आजारपण होतं, म्हणून सोडला. मग..." तो टोपी चुरगाळत राहिला. "गाडी खाली झाली की गेटपास मिळतो. गेटपास मिळाला की बाहेर जावं लागतं. बाहेरनं तुम्ही दिसत नाय."



"अहो, गाडी बंद करतायत तुमची."

"मग माझीच चूक हाय म्हणून सांगा. तुमच्यावर काय यायला नको."

मी आत गेले, तो मागोमाग दारापर्यंत आला. फोर्कलिफ्ट बंद होती असं सांगता आलं असतं. नाही सांगवलं.

"सर, तो मुद्दाम मागे राहायचा. मला दिसत होतं. मी त्याला पुढे बोलवायला हवं होतं, नाही बोलावलं. कारण... मला तो आवडतो. गाडी बंद करणार असाल तर मलाही या कामावरून काढा."

सरांनी चष्मा काढून आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"उद्यापासून याला आठचा पहिला नंबर. सव्वानऊला गेटबाहेर. पुन्हा मागे राहिला तर दोघांना घरी बसवीन."

गाडी वाचली. पण बाहेर आलो तर सुशांतचं तोंड एवढंसं झालेलं.

"सव्वानऊला बाहेर... मग तुम्ही दिसणार कधी?"

"साडेपाचला," मी म्हटलं. "तेव्हा सुटते मी. एसटी डेपोपर्यंत रोज एकटीच जाते, आणि मला ते मुळीच आवडत नाही."

"ट्रक घेऊन येऊ?"

"ट्रक तुझ्या गावी, उमरठला ठेव. तू ये."

बोलून गेले आणि जीभ चावली. आजवर त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो बघतच राहिला.

"येतो," तो म्हणाला. मग अगदी हळू — "अनुष्का."