खिडकीखालचा उजेड

युद्धाच्या त्या हिवाळ्यात खामगावचे घरगुती दिवे अंधार पडता पडताच जायचे. कापसाचा हंगाम भरात होता. वीजघरातलं मोठं इंजिन थकलेलं होतं आणि त्याचे भाग विलायतेहून येईनात, म्हणून संध्याकाळी लोकांच्या घरची लाइन बंद व्हायची. राकेल रेशनवर होतं. चूल विझली की माणसं कांबळं ओढून आडवी व्हायची. पौषातली रात्र मोठी असते, आणि त्या वर्षी ती दिवस मावळल्याबरोबर सुरू व्हायची.

वामनराव देशमुखांच्या घरी मात्र उजेड असे. त्यांचा कापसातली सरकी काढायचा जिन होता, आणि जिनातलं एक लहान ऑइल इंजिन त्यांनी घरामागच्या टिनाच्या खोलीत आणून बसवलं होतं. त्याला पट्ट्याने डायनामो जोडला होता. वामनराव नागपूरला सायन्स शिकलेले. तारा त्यांनी स्वतः उभं राहून ओढून घेतल्या होत्या. दिवे गेले की हबीब मिस्त्री हँडल मारायचा. इंजिन दोनतीनदा खोकायचं, मग लयीत चालू लागायचं, आणि दिवाणखान्यातल्या बल्बची तार आधी लाल, मग पिवळी, मग पांढरी होत जायची.

दिवाणखान्याची मोठी खिडकी गल्लीकडे होती. तिच्यातून उजेडाचा एक चौकोन गजांच्या सावल्यांसकट खाली गल्लीत पडे. दिवाळीनंतर त्या चौकोनात माणसं येऊन बसू लागली. आधी समोरची इमामबी आली. ती पिंजाऱ्यांची म्हातारी, थंडीच्या दिवसांत रजया भरून शिवायची. मग तुळशीराम शिंपी हाताचं मशीन घेऊन आला. मग पोरं पाढे म्हणायला, बाया तांदूळ निवडायला. कोणी मोठ्याने बोलत नसे. उजेड पुरावा म्हणून सगळे एकमेकांना खेटून बसत.

वामनरावांना ते आवडायचं. खिडकीच्या झडपा ते स्वतः उघडायचे आणि क्षणभर तिथे उभे राहायचे.

"बस वं इमामबी, पुढं सरकून बस," ते म्हणायचे.

"खुदा तुमचं भलं करो जी, मालक," इमामबी सुईतून नजर न काढता म्हणायची.

पौषाच्या सुरुवातीला बुलढाण्याहून एका वकिलांकडची मंडळी वामनरावांच्या विमलला बघायला आली. तसं या महिन्यात कोणी मुलगी बघायला निघत नाही, पण वकील नव्या विचारांचे होते आणि त्यांना कोर्टाच्या सुट्ट्या सोयीच्या होत्या. पाहुणे चहाला बसले आणि दिवे गेले. वामनराव हसले, म्हणाले, "एक मिनिट." मागून इंजिनाचा आवाज आला आणि दिवाणखाना लख्ख झाला. वकिलांनी मान डोलावली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उठून खिडकीशी गेल्या.

"अगबाई! हे सगळे तुमच्याकडचेच का?"

वकीलही उठले. खाली बघून म्हणाले, "देशमुखांनी धर्मशाळाच उघडली की!"

ते सहज हसले. त्यात वाईट काही नसावं. पण खाली कोणीतरी खोकलं, एक पोर रडू लागलं, आणि वामनरावांना आपल्या घरातलंच काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटलं. ते खिडकीशी गेले.

"उठा रे! काय बाजार भरवला आहे? रोज रोज काय माझ्या दारात? इमामबी, तुलाच सांगतो. तुझ्यामुळे लागली ही सवय सगळ्यांना. ऊठ!"

पाढे थांबले. तुळशीरामाच्या मशीनचं चाक थांबलं. इमामबीच्या मांडीवर लाल छिटाची रजई होती. तिने वर पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला नीट ऐकू आलं नसावं असं वाटत होतं.

"उजेड तं भुईवर पडून राह्यला होता जी, मालक," ती म्हणाली. "आमी कोठी उचलून नेला?"

मग तिने सुई कापडात खोचली, रजईची घडी घातली आणि भिंतीला धरून उठली. तिच्या मागोमाग सगळे उठले. क्षणात गल्ली रिकामी झाली. मागे वळून वामनराव पाहुण्यांना काहीतरी गमतीचं बोलले. विमल पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिने बशा ठेवल्या, पण नंतर कोणी काय विचारलं तरी तिला नीट उत्तर देता आलं नाही. पाहुण्यांना तो लाजाळूपणा वाटला. त्यांनी जातानाच पसंती सांगितली.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी हबीबला गल्लीकडून खिडकीवर पत्रा ठोकायला सांगितलं.

"खिडकी तं आतूनबी लागते मालक," हबीब म्हणाला. "पत्रा काऊन?"

"फटीतून उजेड जातो."

हे बोलताना वामनराव भिंतीकडे बघत होते. हबीबने खिळे उचलले. पत्र्यावर हातोडी पडत होती तोवर समोरच्या कोणत्याही घरातून कोणी डोकावलं नाही.

त्या संध्याकाळी इंजिन सुरू झालं, बल्ब पांढरे झाले, आणि वामनराव वर्तमानपत्र उघडून बसले. अक्षरं दिसेनात. त्यांनी चष्मा पुसला. पुष्पाबाई, त्यांची पत्नी, बाजूला तांदूळ निवडत होत्या.

"आज उजेड कमी काऊन वाटते जी?"

"व्होल्टेज उतरलं असेल."

ते इंजिनाच्या खोलीत गेले. काटा जागेवर होता. पट्टा घट्ट होता. हबीबने दुसऱ्या दिवशी नवे बल्ब लावले, जोड घासून साफ केले. बल्बकडे पाहिलं तर डोळे दिपत. पण खाली धरलेल्या हातावरच्या रेषा दिसत नव्हत्या. भिंतींचे कोपरे तर पुरते काळे होते.

"असं कसं हो हे?" पुष्पाबाई म्हणाल्या. "दिव्याकडं पाहवत नाई, अन् दिव्याखाली काई दिसत नाई."

वामनराव डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून आले. डोळ्यांत दोष नव्हता. इंजिन जिनातल्या क्रूड तेलावर चालत होतं. तेलच भेसळीचं आलं असेल असं त्यांना वाटलं, म्हणून ते बदललं. इंजिनाचा आवाज मात्र भरल्या गाडीसारखा जड येत होता, जणू बरंच काही ओढतंय. विमल स्वयंपाकघरात चुलीपुढे जाऊन बसू लागली. तिथे निखाऱ्यांच्या उजेडात माणसाचं तोंड तरी दिसायचं.

एके दिवशी दिवेलागणीला वामनराव, नेहमीसारखे उजव्या पायावर किंचित जोर देत, जिनातून पायी घरी निघाले. सगळं गाव काळं होतं. धुरासारखी थंडी खाली बसली होती. आपल्या गल्लीच्या तोंडाशी ते आले आणि थांबले.

गल्लीत उजेड होता.

भुईवर तो नेहमीचा चौकोन पडला होता. त्यात गजांच्या सावल्या होत्या. त्यात माणसं बसली होती. तुळशीरामाचं मशीन चालू होतं. पोरं हळू आवाजात पाढे म्हणत होती. मधोमध इमामबी लाल रजईला टाके घालत होती, आणि तिच्या शेजारी कोणीतरी तोंडावर शाल ओढून बसलं होतं.

वामनरावांनी वर पाहिलं. खिडकीवर पत्रा होता. चारी बाजूंनी ठोकलेला. कुठेही फट नव्हती.

ते भिंतीच्या कडेकडेने पत्र्याखाली गेले. हात वर करून त्यांनी पत्रा चाचपला. तो बर्फासारखा गार होता. मग त्यांनी हात पत्र्याच्या पुढे, उजेडाच्या वाटेत धरला. भुईवर हाताची सावली पडली नाही. गजांच्या सावल्या होत्या तशाच राहिल्या.

कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त पाढे आणखी हळू झाले, घरात आजारी माणूस असल्यावर होतात तसे. वामनराव मागे फिरले आणि मागच्या बोळाने घरात शिरले. त्यानंतर ते गल्लीतून आले नाहीत. भीती हे त्याचं कारण नव्हतं. तिथून जाताना तोंड कुठे करावं हे त्यांना कळत नव्हतं.

इंजिनाच्या खोलीत त्यांनी हबीबला विचारलं, "गल्लीत उजेड पडतो का रे?"

हबीब चिंधीने हात पुसत राहिला. "हाव."

"कधीपासून?"

"पत्रा ठोकला त्या दिवसापासून."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"कसं सांगाव जी," हबीब म्हणाला. "पत्रा म्याच ठोकला. मलेच त्या लोकाइकडं पाहवत नाई."

वामनरावांनी पत्रा काढायला लावला. खिडकी सताड उघडली. खोलीत काही फरक पडला नाही. भुरकट काळोख होता तसा राहिला. गल्लीतला चौकोनही होता तसा राहिला, ना वाढला ना कमी झाला. मग ते खिडकीशी उभं राहणंही टाळू लागले. पाहुण्यांकडून लग्नाची तारीख ठरवायचा निरोप आला, तो त्यांनी तसाच ठेवला.

विमल चुलीपुढे बसून म्हणाली, "बाबा, ती लाल रजई माझीच आहे."

"कोणती?"

"इमामबी शिवून राह्यली ती. लग्न ठरंल तवा देईन म्हणाली होती. कापूसबी तिचाच. आईनं पैसे घेते का विचारलं तं रागावली." ती थोडी थांबली. "मी तवा दारातच होती, सांगणार होती. पण पाहुणे होते."

पुष्पाबाईंनी भाकरी उलटली. चुलीतल्या लाकडातून पाणी फसफसत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवे गेले, हबीबने हँडल मारलं, आणि वामनराव उठले. दिवाणखान्याच्या आतल्या दारातून त्यांनी पुष्पाबाईंना "आलोच" म्हणून सांगितलं. शाल घेतली. मागच्या बोळाने न जाता ते पुढच्या दाराने बाहेर पडले आणि वळसा घालून गल्लीत आले.

चौकोन होता. माणसं होती.

ती दाटीवाटीने बसली होती, पण इमामबीच्या शेजारी एक जागा मोकळी होती. एका माणसापुरती. त्या थंडीत, त्या गर्दीत ती जागा कोणी घेतली नव्हती. वामनराव उजेडात शिरले. पोरांनी पाय आखडून वाट दिली. ते त्या जागेवर बसले. भुई उबदार होती.

घरात इतके दिवस न दिसलेल्या हातावरच्या रेषा त्यांना इथे स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी शाल कपाळावर ओढली.

"इमामबी," ते म्हणाले. तिची सुई चालूच होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "इमामबी, माझं चुकलं."

इमामबीने दोरा दाताने तोडला.

"किती खेपा सांगसान जी, मालक?" ती मायेने म्हणाली. "रोज तं सांगता."

वामनराव तिच्याकडे बघत राहिले.

"मी आज आलो," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा."

पलीकडून तुळशीरामाने मशीन थांबवलं. त्याने आणि इमामबीने एकमेकांकडे पाहिलं. वेडसर माणसापुढे बोलावं तसं तुळशीराम जपून बोलला.

"पत्रा लागला त्या दिवसापासून येऊन राह्यले तुमी. इथीच बसता. अशीच शाल तोंडावर घेता. एवढंच बोलता, अन् इंजिन बंद झालं का उठून जाता."

"कुठं जातो?"

"घरी," इमामबीने सुईने वर दाखवलं. "दुसरं कोठी जासान?"

वामनरावांनी वर पाहिलं. खिडकी उघडी होती. आतून पुष्पाबाईंचा आवाज आला.

"थंडी येऊन राह्यली जी. खिडकी लावा ना."

वामनरावांचं तोंड उघडलं. त्यांना हाक मारायची होती.

"हो," आतून पुरुषाचा आवाज आला. "लावतो."

पावलं खिडकीकडे आली. उजव्या पायावर किंचित जास्त जोर देणारी पावलं. दोन्ही झडपा हळू मिटल्या.

गल्लीतला उजेड हलला नाही. इमामबीने पुढचा टाका घातला. पोरांनी पुन्हा पाढे सुरू केले.

वरची कडी लागली. मग खालची. खालची कडी फार जुनी होती. ती आधी उचलून, डावीकडे दाबून, मग ढकलावी लागे, आणि घरात ते एकट्या वामनरावांनाच जमायचं.

ती पहिल्याच झटक्यात लागली.