लाल बर्फ

टियर्नी तळघरात मरून पडलाय, असं बारचा दारवान ओरडला आणि त्यानं पहिलं काम केलं ते दाराला कडी घालायचं. त्यामुळे पोलीस डिटेक्टिव्ह वॉन्डा ग्रेसिक पोचली तेव्हा सगळे आतच होते, आणि सगळेच खवळलेले. शिकागोतली, आयरिश सणाच्या मिरवणुकीची दुपार. दारावर 'आज काचेचे पेले बंद' अशी पाटी, पायाखाली प्लास्टिकच्या हिरव्या पेल्यांचा चुरा. मालक खाली मेलेला, आणि लोक विचारतायत बिअर कधी मिळणार! लाज कशाशी खातात हे ठाऊक असेल तर शपथ.

सार्जंट ब्रॅडिशनं तर निकालच लावून टाकला होता. "डोक्यात पाना घातलाय, बिअरच्या पिंपांचा; तळघरातला तोच गायब आहे. ही बारवाली मार्गो त्याच्याशी तळघरात कडाकडा भांडत होती. दहा जणांनी ऐकलंय. झालं!"

"पाना सापडला?"

"सगळ्यांची झडती घेतली. नाही."

वॉन्डा मार्गोकडे वळली. "कशावरून भांडत होतीस?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"खुनाचा आळ आहे बाई तुझ्यावर."

"कळतं मला! सोमवारी माझ्या पोरीच्या ताब्याचा निकाल आहे. बेड्या पडल्या तर नवरा तिला घेऊन जाईल. आणि भांडण कशाचं ते सांगितलं, तरीही घेऊन जाईल. बसा विचारत."

काउंटरमागं डर्मट फडकं फिरवत होता. बावीस वर्षं तो इथंच बिअर ओतत आलेला. त्याच्या पुढ्यातल्या पेटीतला बर्फ लालभडक होता.

"हे काय?"

"डाळिंबाचं सरबत. बर्फात पेला फुटला. काच दिसत नाही, म्हणून वर लाल ओततात. मग कुणी हात घालत नाही. कुठल्याही बारमध्ये विचारा."

"विचारायला कशाला हवं? पोलिसात येण्याआधी सहा वर्षं मी बारमध्येच काम केलंय. कधी फुटला?"

"दारवान ओरडला त्याच सुमारास."

"त्याआधी तळघरात गेला होतास?"

"पिंप बदलायला. सगळेच जातात."

"मग बर्फ वितळवून काच काढली का नाहीस? गरम पाण्याचा नळ हाताशी आहे."

"गर्दी दिसतेय ना? वेळ कुणाला होता?" डर्मट खेकसला.

"आता आहे." वॉन्डानं बाही वर सारली. "डर्मट, मला इथला एक काचेचा पेला दाखव."

डर्मट मागच्या फळीकडे वळला. तिथं प्लास्टिकचेच पेले होते.

"नाही ना? आज सकाळपासून इथं फक्त प्लास्टिक. मग फुटलं काय? ऐका ब्रॅडिश. हा पाना एप्रनखाली घालून वर आला. बाहेर पडायच्या आत दाराला कडी लागली. पाना त्यानं बर्फात खुपसला. रक्त बर्फाला लागलं, म्हणून वर सरबत ओतलं. लालात लाल मिसळलं, शिवाय अशा बर्फात बारवाला हात घालत नाही. तुमच्या माणसांनीही नाही घातला. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे बावीस वर्षांच्या सवयीनं तोंडावर होतंच. आज काच नाही, एवढंच तो विसरला."

तिनं नळ सोडला. बर्फ खचत गेला. काचेचा कण नव्हता. खाली हातभर लांबीचा लोखंडी पाना होता.

ब्रॅडिशनं डर्मटचे हात मागं ओढले. "बावीस वर्षं!" डर्मट मार्गोवर गरजला. "माझे गुडघे गेले इथं उभं राहून, आणि आज जिन्यावर ऐकतो काय, म्हातारा बार देणार कुणाला? तर काल आलेल्या या बयेला! म्हटलं, बेड्याही तूच भोग आता!"

मार्गो त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यावरूनच तर भांडत होते मी," ती म्हणाली. "मला नकोच होता. बारची मालकीण म्हटल्यावर कोर्ट माझ्याकडे पोरगी ठेवेल? ही गोष्ट कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून तोंड शिवून बसले होते. त्याला म्हटलं, डर्मटला दे, त्याचा हक्क आहे."

"मग? टियर्नी काय म्हणाला?" वॉन्डानं विचारलं.

"आधी खूप ओरडला." मार्गोनं एप्रन सोडून काउंटरवर फेकला. "मग म्हणाला, बरं बाई, मिरवणूक संपली की सांगतो त्याला."