यादीतलं पाचवं नाव

मावशीच्या बीपीच्या गोळ्या आणायला निशिगंधा राळेगावच्या दवाखान्यात गेली आणि टीबीच्या खोलीसमोर जागीच थिजली. बाकावर, तोंडाला मास्क लावून बसलेला... रजत!

आठ महिने यवतमाळच्या एसटीत रोज तिच्या शेजारी बसणारा, खिडकी तिलाच देणारा हा पोरगा बारा दिवस गायब होता. बाईसाहेबांनी तर मनातल्या मनात त्याचं लग्नही लावून टाकलं होतं, वर त्या न पाहिलेल्या नवरीला शिव्याही घालून झाल्या होत्या.

"तू... इथं?"

"दूर उभी राह्य!" तो पटकन सरकला. "टीबी निघाला मले. थुंकी तपासली."

त्याचा तो खोकला! दीड महिना चालला होता. "जिनिंगमंदी कापसाची धूळ जाते नाकात," म्हणायचा, आणि ही वेडी त्याला खडीसाखर द्यायची. जिनिंगमध्ये सगळेच खोकतात. शंका यायची कुणाला?

तेवढ्यात टीबीच्या गोळ्या देणारे मुख्तारभाई कागद घेऊन बाहेर आले. "रजत, घरचीच चार नावं? जवळ बसनारं अजून कोनी? त्याईलेही तपासा लागते."

"कोनीच नाही, भाई."

निशिगंधा अवाक्! रोज दीड तास, खांद्याला खांदा लावून... आणि कोणीच नाही? तिचे डोळे भरून आले.

"काहून खोटं बोलून राह्यला?"

"हे तुह्या घरी येतीन," तो कुजबुजला. "बाबा इचारतीन, हा पोरगा कोन? गावभर होईन, निशी..."

"अन् मलेही झाला असन त?"

त्यानं मान खाली घातली. "तेच सोचून झोप उडाली माही."

तिला असा राग आला! आणि त्याच रागात कळून चुकलं, की ह्या येड्याशिवाय आपलं काही खरं नाही.

"लिहा भाई, पाचवं नाव. निशिगंधा बबनराव राऊत."

"नातं?"

रजत खोकायचंही विसरला.

"अजून नाही..." ती लाजली, मग ताठ झाली. "हा बरा झाला का होईन. सहा महिने लागते ना?"

"गोळ्या रोज घेतल्या त."

"घेतो! एकही नाही चुकवनार!" रजत मास्कमधूनच ओरडला.

मुख्तारभाई हसले. "पत्ता सांग बेटा. घरी यावं लागन मले."

रजत घाबरून मान हलवत होता... नको, नको. तिनं त्याच्याकडे पाहत पत्ता सांगितला, अगदी गल्लीसकट.

"अन् पाचनंतर या, भाई. तवा बाबा घरी रायतेत."